चौघींनी मिळून एकाच नटावर फिदा व्हायचं तर

देखण्या नटावर एकटीनं भाळायला काहीच लागत नाही. चार-पाचजणींनी मिळून, रोज, व्हॉट्सॲपवर, वर्षभर ते निभावायचं तर मात्र थोडी शिस्त लागते. असे बहुतेक ग्रुप महिन्याभरात थंड पडतात आणि खापर बिचाऱ्या नटावर फुटतं. त्याची चूक नसते. एक तर निवड फसलेली असते, नाहीतर ग्रुपवर येणारा माल खराब असतो.

आधी निवड. सर्वांत देखणा नट अजिबात घेऊ नका. जो कुठूनही बघितला तरी सारखाच सुंदर दिसतो, त्याच्याबद्दल 'हाय हाय' म्हणून झाल्यावर बोलणार काय? ज्याच्यावरून भांडता येईल असा घ्या. नाक जरा जास्तच, हसताना एक डोळा अधिक मिटणारा, दाढीत झकास आणि दाढी काढली की ओळखू न येणारा. त्याची दहा-पंधरा कामं तरी झालेली असावीत. दोनच मालिका केलेला नवा पोरगा पंधरवड्यात बघून संपतो, मग तेच तीन फोटो फिरत राहतात. आणि त्या दहा-पंधरांत दोन-तीन सपशेल पडलेले सिनेमे हवेतच. चांगल्या सिनेमात आपण गोष्टीत गुंततो आणि तो राहतो बाजूला. भिकार सिनेमात त्याच्याशिवाय बघण्यासारखं काही नसतंच, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष जिथे हवं तिथेच राहतं. परभाषेतला असेल तर डब केलेलं बघू नका, सबटायटल लावा. निम्मी जादू आवाजात असते, आणि डबिंगवाला तो आवाजच काढून टाकतो.

ग्रुपमध्ये चार ते सात जणी पुरेत. दहाच्या वर गेलं की निम्म्या नुसत्या वाचत बसतात आणि लिहिणाऱ्यांना उगाच अवघडल्यासारखं होतं. एक तरी अशी हवी जिला तो मुळीच आवडत नाही. 'ह्याच्यात काय एवढं? विमा विकायला आल्यासारखा दिसतो!' असं ती म्हणाली की पुढचे दोन तास बाकीच्या वकिली करतात. सगळ्यांचं एकमत झालं की ग्रुप संपलाच समजा.

आता सेटिंग्ज. हे कंटाळवाणं आहे, पण इथेच अब्रू जाते. ग्रुपच्या माहितीत जाऊन 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा. नाहीतर त्याचे उघडे खांदे थेट गॅलरीत, घरच्या समारंभाच्या फोटोंच्या मधोमध येऊन बसतात, आणि फोन कुणाच्या हातात दिला की स्पष्टीकरणं देत बसावं लागतं. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. ग्रुपचं नाव अगदी रटाळ ठेवा, 'हिशेब' किंवा 'मीटिंग' असलं काही. डीपीचा रंग मात्र सासरच्या आणि ऑफिसच्या ग्रुपपेक्षा ठळक वेगळा हवा, कारण चुकीच्या ग्रुपवर फोटो जातो तो नाव न वाचता घाईत डीपी बघून बोट लावल्यामुळे. गेलाच तर 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायला दोन दिवसांहून थोडी जास्त मुदत असते. घाबरून 'डिलीट फॉर मी' दाबलं गेलं तर खाली 'अनडू' दिसतं, ते फक्त पाच सेकंद. तेवढ्यात दाबलं नाही तर फोटो तुमच्याकडून जातो आणि सासूबाईंकडे राहतो.

मालाचा दर्जा हा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा विषय. ओटीटीवर स्क्रीनशॉट घेतला की अनेकदा काळा चौकोन येतो. फोन बिघडलेला नसतो, कॉपी होऊ नये म्हणून केलेला तो बंदोबस्त असतो. त्यामुळे अधिकृत ट्रेलर, गाणी आणि मुलाखती यांवर भिस्त ठेवा. यूट्यूब संगणकावर उघडा, क्वालिटी स्वतः १०८० करा (ऑटोवर ठेवली की नेट मंदावल्याबरोबर चेहरा पुसट होतो), व्हिडिओ थांबवा आणि स्वल्पविराम व पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागे-पुढे करा. सिनेमात साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेम असतात. म्हणजे अर्ध्या सेकंदाचं हसू १२ फ्रेमचं. त्यातल्या कामाच्या जेमतेम दोन-तीन. उरलेल्यांत डोळे अर्धवट मिटलेले किंवा ओठ 'फ' म्हणताना अडकलेले. मान वळत असताना थांबवाल तर चेहरा फरफटलेलाच दिसणार, कारण प्रत्येक फ्रेमसाठी कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा सुमारे अठ्ठेचाळिसावा भाग उघडं असतं आणि तेवढ्यात मान हलून जाते. वळून झाल्यावर तो क्षणभर थांबतो, ती फ्रेम पकडा.

एवढी मेहनत करून ती नेहमीसारखी पाठवलीत तर व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं. एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट काढणाऱ्या मैत्रिणीला एकदा प्रेमानं समजवा. जिफही टाळा: त्या प्रकारात एका फ्रेममध्ये २५६ च रंग मावतात, त्यामुळे गालावर नकाशासारखे पट्टे उठतात. छोटा व्हिडिओच बरा.

स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा आणि १०० केबीच्या आत लागतो, एका पॅकमध्ये ३ ते ३०. इथे सगळ्याजणी एकच चूक करतात: त्याचा सर्वांत सुंदर फोटो घेतात. तो स्टिकर दोनदा वापरला जातो. रोज लागतात ते उंचावलेली भुवई, दार आपटून निघून जाणं, समोरच्याचं बोलणं असह्य झाल्यावर मिटलेले डोळे. असे सहा-सात असले की स्वयंपाकापासून बॉसपर्यंत सगळ्यावर उत्तर तयार. केस कापले जाऊन टक्कल दिसू नये म्हणून कडेनं पांढरी रेघ ठेवा.

उघड्या छातीच्या फोटोंबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही, तरी सांगते: ते फार चढवून ठेवलेलं प्रकरण आहे. असल्या दृश्याआधी आपण दिवसभराहून जास्त वेळ पाणी पीत नव्हतो, हे हॉलिवूडचा नट ह्यू जॅकमन यानं जाहीरपणे सांगितलंय. पाणी तोडलं की कातडी ताणून बसते, वर एका बाजूनं प्रकाश टाकला की प्रत्येक स्नायूला सावली मिळते. म्हणजे आपण बघतो तो तहानलेला माणूस. त्यापेक्षा कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, वाचताना लावलेला चष्मा आणि समोरच्याचं बोलणं मनापासून ऐकणारा चेहरा. यांची सर त्याला नाही. वाद घालायचा असेल त्यांनी खाली या.

काय टाकायचं नाही, तेही ठरवून घ्या. त्यानं स्वतः दाखवलेलं चालेल. विमानतळावर पेंगताना चोरून काढलेले, मुलांचे किंवा घराच्या गेटचे फोटो नकोत. त्याच्या बायकोबद्दल वाकडं बोलायचं नाही, उलट तिच्या पसंतीला दाद द्यायची. लग्नाची बातमी आली तर एक दिवसाचं सुतक पाळायला हरकत नाही. आणि आपल्या चर्चेत त्याला टॅग करू नका. त्याला कळलं की गंमत संपते.

बनावट फोटोंचा सुळसुळाट झालाय. बोटं मोजून एआय ओळखायचे दिवस गेले, आता बोटं बरोबर येतात. 'हा कुठल्या सिनेमातला, कुठल्या कार्यक्रमातला?' एवढंच विचारा आणि गुगल लेन्सवर टाकून बघा. मूळ ठिकाण सापडत नसेल तर पुढे पाठवू नका. त्याच्या 'खासगी अकाउंट'वरून मेसेज आला, तर तो त्याचा नसतो. फ्रान्समधल्या एका बाईला ब्रॅड पिट असल्याची बतावणी करणाऱ्या भामट्यांनी ८ लाख ३० हजार युरोंना बुडवल्याचं जानेवारी २०२५ मध्ये उघड झालं. त्यांनी तिला तो इस्पितळात असल्याचे एआयचे फोटो पाठवले होते. ती बाई मूर्ख नव्हती, ती एकटी त्या मेसेजना तोंड देत होती. ग्रुपमध्ये असा मेसेज आला की कुणीतरी पाच मिनिटांत हसतं आणि ब्लॉक करायला लावतं.

सात-आठ महिन्यांनी तोच नट शिळा होतो. तेव्हा ओढत बसू नका, पोल घ्या. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये १२ पर्याय देता येतात. पाचाच्या वर देऊ नका. 'एकाहून अधिक उत्तरं'ची परवानगी आधी बंद करा. ती चालू राहिली तर प्रत्येकजण प्रत्येकावर टिक करते.