नक्कल म्हणताय, पण कुणाची?

नमस्कार.

'हालेलूया' या गाण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातला निम्मा उतरला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'हालेलूया' इतक्या गायकांनी गायलं यात गाण्याचा मोठेपणा काही नाही. टीव्हीने ते डोक्यावर घेतलं, परवाना सहज मिळतो, नवीन करायचा कंटाळा, आणि ज्याने ते लिहून आधी गायलं त्या कॅनडाच्या लेनर्ड कोहेनच्या बाकी सगळ्या नकला. "मूळ ते मूळ," असं वर ठणकावलंय.

आधी माझी चूक. अमेरिकन गायक जेफ बकलीने हे गाणं कोहेनचं ऐकून उचललं, असं मी लेखात लिहून गेले. ते तुम्ही बरोबर पकडलंत. त्याने ते घेतलं वेल्श गायक जॉन केलच्या आवृत्तीवरून. दुरुस्ती केली आहे. पण ही दुरुस्ती तुमच्या 'मूळ'लाच जरा अडचणीची आहे.

कोहेनचं ध्वनिमुद्रण १९८४ चं. 'व्हेरियस पोझिशन्स' हा अल्बम त्याच्या नेहमीच्या कंपनीने, कोलंबियाने, अमेरिकेत काढायलाच नकार दिला. शेवटी एका छोट्या कंपनीने तो तिथं आणला. त्यामुळे मूळ ऐकलेले लोकच थोडे. त्यात हा बाबा कार्यक्रमांत वेगळीच कडवी गायला लागला! कोहेनच्या गाण्यांच्या एका गौरव-अल्बमसाठी केलला हे गाणं करायचं होतं, त्याने शब्द मागितले, तर कोहेनने फॅक्सवरून पंधरा पानं पाठवली. केलने अल्बममधली पहिली दोन कडवी ठेवली, शेवटची दोन काढून टाकली आणि त्या ढिगातून आणखी तीन घेतली. हे १९९१ मध्ये. बकलीने १९९४ मध्ये केलचीच पाच गायली. आज लोक ज्याला 'मूळ हालेलूया' समजतात त्यातली कडव्यांची निवड केलची, हळवा सूर बकलीचा आणि कोहेनचे शब्द नि चाल तेवढी. आता सांगा, नक्कल कुणाची धरायची?

नक्कल हा शब्द तुमच्या तोंडी आला तो आपल्या ऑर्केस्ट्रामुळे, असं मला वाटतं. माझ्याही कानांवर तेच संस्कार आहेत. गणपतीच्या मांडवात गाणारीला मिळणारी सर्वांत मोठी दाद म्हणजे "अगदी हुबेहूब!" एक जागा इकडची तिकडे झाली की पहिल्या रांगेतले काका मान हलवतात, आडवी. अशा कानांना दुसऱ्याने गायलेलं गाणं एक तर हुबेहूब वाटतं, नाही तर बिघडलेलं. 'हालेलूया'ला असा पक्का साचा कधी पडलाच नाही, म्हणून पुढच्या गायकाला आत शिरायला जागा राहिली.

आणि शिरायला सोपंही आहे. घरात पेटी असेल तर पांढरी एकचा सा धरा. ध्रुवपद सुरू होतं ग प ध ध, उलटं येतं ध प ग ग. एवढ्यात तीनच स्वर, आवाज फार ताणायला नको. कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र दाबायचे स्वर, पाचच. पहिल्या कडव्यात तर गाणं स्वतःची साथ स्वतःच शिकवतं: शब्दांत 'चौथा' आला की साथ मध्यमावर, 'पाचवा' म्हटलं की पंचमावर, मायनर (उदास छटेचा कॉर्ड) म्हणताना खरोखर धैवतावरचा मायनर आणि मेजर म्हणताच परत मध्यम. मी हे भजनाच्या पेटीवर वाजवून पाहिलं आणि एकटीच हसले.

आता तुमच्या बाजूचं. टीव्ही-सिनेमाचा वाटा आहेच. २००१ च्या 'श्रेक' या कार्टूनपटाने ते लहान मुलांपर्यंत नेलं. (सिनेमात आवाज केलचा, पण अल्बमवर रूफस वेनराईटचा. म्हणजे तिथंही दोन.) २००८ च्या नाताळात ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत याच गाण्याच्या तीन आवृत्त्या: रिॲलिटी शो जिंकलेली अलेक्झांड्रा बर्क पहिल्या क्रमांकावर, बकली दुसऱ्या आणि खुद्द कोहेन छत्तिसाव्या! पण केल आणि बकली यांच्या वेळी कुठला रिॲलिटी शो होता?

परवान्याचं अर्धंच पटलं. अमेरिकेत १९०९ पासून कायदा असा, की गाणं एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं की ठरलेले पैसे भरून कुणीही ते पुन्हा गाऊन ध्वनिमुद्रित करू शकतो, परवानगीसाठी मिनतवाऱ्या नाहीत. पण ही सोय सगळ्याच गाण्यांना आहे, आणि बहुतेकांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. तुमच्या मुद्द्याला 'यस्टरडे' जास्त शोभलं असतं. १९६५ मध्ये बीटल्सने ब्रिटनमध्ये ते सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची तबकडी म्हणून, काढलंच नाही, मग गायक मॅट मन्रोने ती मोकळी जागा साधली आणि पहिल्या दहांत पोचला. निव्वळ बाजार! शिवाय तिथं साचाही पक्का होता, तरी ते शेकड्यांनी गायलं गेलं. माझं साच्याचं म्हणणं त्या गाण्याला लागू पडत नाही, हे कबूल.

कंटाळ्याबद्दल भांडत नाही. बऱ्याच आवृत्त्या रटाळ आहेत, आणि २००९ मध्ये खुद्द कोहेनच म्हणाला की गाणं चांगलं आहे, पण फार लोक गातात.

तरी एक करा. केलची आवृत्ती लावा: पियानो आणि आवाज, बस्स. लगेच पाठोपाठ कोहेनची १९८४ ची, सिंथेसायझर आणि मागे कोरस असलेली. दोन्ही संपली की कुठली कशाची नक्कल वाटली ते इथंच खाली लिहा.