पापणीची सूज म्हणजे रांजणवाडीच असं नाही
रक्ताच्या कर्करोगात डोळ्यांना होणाऱ्या त्रासावरचा एक लेख वाचला. डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव कसा होतो ते त्यात छान समजावलंय, पण पापणीच्या सुजेबद्दल एकच ओळ आहे. नेमके तिथेच आम्ही फसलो. आम्ही गुहागरकडचे. गेल्या पावसाळ्यात याच आजारासाठी केमो घेऊन घरी आलेल्या माझ्या भावाची डावी पापणी सकाळी जरा लाल दिसली. आईने रांजणवाडी समजून लवंग उगाळून लावली. पू नव्हता, म्हणून सगळे निर्धास्त. संध्याकाळपर्यंत पापणी आमसुलासारखी जांभळी झाली, डोळा उघडेना, अंगात ताप. पू होतो तो जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे, केमोने त्या पेशीच उरल्या नसतील तर पू धरणार कुठून, हे चिपळूणच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. त्याच रात्री शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं म्हणून डोळा वाचला.

पुढे महिन्याभराने त्याला वाचताना अक्षरांवर काळा डाग दिसायला लागला. या वेळी थांबलो नाही. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, फार खाली आल्या होत्या, पडद्यावर रक्त उतरलं होतं. दुखत मात्र काहीच नव्हतं, हे मुद्दाम लिहितेय. घरात असा पेशंट असेल तर रोज एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला लावा. सूज आणि ताप दिसला तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका, मिळेल ती गाडी करून निघा.