लायसनवर चष्म्याची अट छापा, आणि ती तपासून छापा

ड्रायव्हिंग लायसनच्या अर्जासोबत नमुना १ भरून द्यावा लागतो. त्यात प्रकृतीचे जे प्रश्न असतात, त्यातला एक नजरेचा आहे. दिवसाच्या चांगल्या उजेडात, २५ मीटरवरून, मोटारीची नंबर प्लेट तुम्हाला ओळखता येते का? चष्मा वापरत असाल तर चष्मा लावून. या प्रश्नापुढे आपण सगळ्यांनीच "होय" लिहिलेलं आहे. पण २५ मीटर मोजून, समोर गाडी उभी करून, एकेक डोळा झाकून कुणी बघितलं होतं का? मला तरी असा माणूस अजून भेटलेला नाही, आणि माझं कामच डोळे तपासण्याचं आहे.

अंबाजोगाईत माझं चष्म्याचं दुकान आहे. केज, परळी, धारूर, रेणापूर, आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांतून माणसं येतात. त्यात ड्रायव्हर बरेच. काळी-पिवळीवाले, टेम्पोवाले, उसाच्या ट्रॅक्टरवरचे, कुणाकुणाच्या खासगी गाड्या चालवणारे. हे लोक नजर कमी झाली म्हणून येत नाहीत. मोबाईलवरचं बारीक अक्षर दिसेना, पावतीवरचा आकडा लागेना, म्हणून येतात. चाळिशीचा जवळचा चष्मा घ्यायचा आणि जायचं, एवढंच डोक्यात असतं. मी आधी लांबचं तपासते. तेव्हा कळतं की एका डोळ्याला मायनस दीड आहे, किंवा एक डोळा लहानपणापासूनच अधू आहे आणि दुसऱ्याच्या जोरावर आजवर सगळं निभावलंय.

मग मी सांगते, मामा, तुम्हाला लांबचा नंबर आहे, गाडी चालवताना चष्मा लागणार. त्यावर हमखास येणारं उत्तर असं: "लांबचा नको ताई, जवळचाच द्या. चष्मा घालून गाडीवर बसलो तर मालक म्हणतेत, याचे डोळे गेले. दुसरा ड्रायव्हर बघतेत."

हे ऐकून मला रागही येतो आणि पोटात खड्डाही पडतो. त्या माणसाची भीती खोटी नाही. घरात खाणारी तोंडं असतात, मुलीचं लग्न ठरत आलेलं असतं, गाडीवरून उतरवलं तर पुढे काय, हा प्रश्न समोर उभा असतो. म्हणून तो खिशात चष्मा ठेवतो आणि स्टिअरिंगवर बिनचष्म्याचा बसतो. मागे दहा-बारा माणसं बसलेली असतात.

ज्याची त्याला भीती वाटते ते कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही, हे मला सगळ्यांना ओरडून सांगायचंय. कायदा चष्म्याच्या विरोधात नाही. प्रश्नातच "चष्मा असल्यास चष्म्यासह" असं आहे. डॉक्टरने द्यायच्या नमुना १-अ मध्येही विचारलेलं असतं की नजरेत दोष आहे का, आणि असेल तर तो योग्य चष्म्याने दुरुस्त झालाय का. म्हणजे नंबर असणं हा अपात्रतेचा मुद्दाच नाही. चष्मा लावून प्लेट वाचता आली की नजरेच्या बाबतीत माणूस गाडी चालवायला पात्र.

बरं, ही परीक्षा अवघड आहे का? चारचाकीच्या प्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच असतं. ज्याची नजर ६/६, म्हणजे पूर्ण चांगली आहे, त्याला २५ मीटरवरून साधारण ३६ मिलिमीटरचं अक्षरही वाचता येतं. म्हणजे आपला नियम ६/६ मागतच नाही. हिशेब केला तर तो ६/९ आणि ६/१२ च्या मधे कुठेतरी पडतो (खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी). आमच्या तक्त्यावर शेवटच्या ओळीच्या बऱ्याच आधी थांबलं तरी चालतं, इतका तो सोपा आहे. आता ज्याला मायनस एक नंबर आहे आणि चष्मा नाही, तो तक्त्यावर साधारण ६/१८ च्या आसपास अडकतो. त्याला तीच प्लेट १५ मीटरवर यावी लागते. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथे सेकंदाला ३३ मीटर. जालन्याहून समृद्धीला लागणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा एकदा मनात घोळवावा.

आता सर्टिफिकेट कसं मिळतं ते बोलू, कारण सगळं इथेच बिघडतं.

खासगी गाडीसाठी चाळिशीच्या आत असाल तर डॉक्टरचा दाखला लागतच नाही. आपणच आपल्याबद्दल लिहून द्यायचं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन वयाच्या ४० पर्यंत चालतं. म्हणजे अठराव्या वर्षी पोरानं लायसन काढलं की २२ वर्षं त्याच्या डोळ्यांबद्दल त्याला कुणी विचारणार नाही. मायनसचा नंबर वाढतो तो नेमका शाळा-कॉलेजच्या वयात. वर्गात फळा दिसत नाही म्हणून पुढच्या बाकावर जाऊन बसणारं पोरगं पुढे बुलेट घेऊन लातूर रोडला सुटतं, आणि लायसनच्या दृष्टीने त्याची नजर निर्दोष असते.

चाळिशीनंतर आणि प्रवासी किंवा मालवाहू गाडीच्या लायसनसाठी नमुना १-अ लागतो, नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीचा. तो कसा भरला जातो हे मी सांगायला नको. कागद एजंटकडे असतो, सही-शिक्का त्याच्यावर आधीच असतो किंवा तासाभरात येतो. पेशंट डॉक्टरसमोर बसला नाही, तक्ता लागला नाही, रातांधळेपणाचं विचारलं नाही. सगळेच डॉक्टर असे नसतात. आग्रहाने माणसाला समोर बोलावणारे, डोळ्यांचं वेगळं तपासून आण म्हणणारेही आहेत, आणि एजंट त्यांच्याकडे जात नाहीत. यात दोष कुणा एकाचा नाही. आपल्यालाच रांग नको असते, आपणच म्हणतो "ते मेडिकलचं तेवढं तुम्हीच बघा".

व्यावसायिक लायसन पाच-पाच वर्षांनी नव्याने करावं लागतं. दर पाच वर्षांनी खरंच डोळे तपासले गेले असते तर मराठवाड्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरला फुकटात नजरेची राखण मिळाली असती. कायद्याने ही सोय करून ठेवलीये आणि आपण ती शिक्क्यात घालवली.

यापेक्षा जास्त काळजी मला रात्रीची वाटते. नियमात "दिवसाच्या चांगल्या उजेडात" असं आहे. आपल्याकडचं भय रात्रीच्या रस्त्यावर आहे. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की केज-अंबाजोगाई-लातूर पट्ट्यात संध्याकाळपासून उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने किंवा लोंबणाऱ्या पाचटाने झाकलेला. बैलगाड्यांना तर तेवढंही नाही. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं सामानावर बसून पहाटेच्या अंधारात चाललेली. नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरची वाट धरून पायी चाललेली माणसं. समोरून एखादा अप्पर मारत येतो, तो गेल्यावर दोन-तीन सेकंद डोळ्यापुढे काहीच नसतं.

अंधारात बाहुली मोठी होते आणि डोळ्यातला बारीकसा दोषही मोठा होतो. दिवसा मायनस पाऊण नंबर असलेला माणूस बिनचष्म्याने आरामात फिरतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. रात्री त्यालाच समोरच्या दिव्यांना शेंड्या फुटलेल्या दिसतात, ट्रॉलीची कड दिसत नाही. सिलिंडर नंबर (डोळ्याच्या आकारातल्या तिरकसपणाचा) असेल तर दिवे ओढल्यासारखे लांबट होतात. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर अप्परने सगळी काच पांढरी होते, जरी दिवसा तक्ता ठीक वाचत असला तरी. "रातच्याला जरा त्रास होतो" असं कुणी म्हणालं तर माझ्या दृष्टीने ती दिवसाच्या तक्रारीपेक्षा मोठी तक्रार आहे.

आणि ते हायवेवर मिळणारे पिवळे "नाईट ड्रायव्हिंग" चष्मे घेऊ नका. ते डोळ्यात येणारा उजेडच कमी करतात, रात्री तर तोच कमी असतो. स्वतःच्या बरोबर नंबरचा, बिनरंगाचा, ओरखडे नसलेला चष्मा हवा. काचेवरची चकाकी कमी करणारं अँटी-ग्लेअर कोटिंग परवडत असेल तर करा, नसेल तर साधी काच रोज स्वच्छ पुसा.

माझी मागणी साधी आहे. ज्याला गाडी चालवायला चष्मा लागतो, त्याच्या लायसनवर तसं छापावं. ब्रिटनमध्ये आणि युरोपात यासाठी लायसनवर ०१ हा कोड असतो. ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष चाचणीला गाडीत बसण्याआधी परीक्षक २० मीटरवरची खरी नंबर प्लेट वाचायला लावतो. नाही वाचता आली तर चाचणी तिथेच संपते. अमेरिकेतही अनेक राज्यांत चष्म्याची अट लायसनवर असते. यात यंत्र नको, बजेट नको. आपल्याकडे पक्क्या लायसनच्या चाचणीला बहुतेकांना मैदानावर यावंच लागतं. तिथे चुन्याची एक रेघ आणि २५ मीटरवर एक उभी गाडी, एवढंच पाहिजे.

छापल्याने काय होईल? सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लपवण्याचं कारण संपेल. सरकारी कार्डावरच "चष्म्यासह पात्र" असं लिहिलेलं असेल तर मामा मालकाला ते दाखवू शकतात. आज त्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही. ही अट ड्रायव्हरच्या पोटावर पाय देणारी नाही, त्याची नोकरी वाचवणारी आहे, असं मला मनापासून वाटतं.

यावर लोक म्हणतात की चौकात पैसे मागायला आणखी एक निमित्त होईल. ही शंका रास्त आहे. म्हणून दंड असेल तो ई-चलनानेच, रकमेसकट जाहीर केलेला असावा. शारीरिकदृष्ट्या अयोग्य असताना गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्यात कलम १८६ आजही आहेच, पहिल्या वेळी १००० रुपये, पुढच्या वेळी २००० पर्यंत. इन्शुरन्सवाले क्लेम अडवतील, ही दुसरी भीती. त्याचं उत्तर नियम करतानाच लेखी दिलं पाहिजे. अपघाताचा चष्म्याशी संबंध नसेल तर क्लेम अडता कामा नये.

आणि हो, तुमचा चष्मे विकायचा धंदा आहे म्हणून तुम्ही लिहिताय, असंही कुणी म्हणेल. त्यांनी माझ्याकडे येऊच नये. अंबाजोगाईतल्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात डोळ्यांची ओपीडी आहे, जिल्हा रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात ड्रायव्हरांसाठी तपासणी शिबिरं लागतात, तिथेही नंबर निघतो. कुठेही काढा, पण काढा.

काही गोष्टी चष्म्याने सुटत नाहीत, त्याही सांगते. काचबिंदूत आधी बाजूची नजर जाते. समोरची प्लेट शेवटपर्यंत वाचता येते आणि डावीकडून येणारी मोटारसायकल दिसत नाही. २५ मीटरची परीक्षा त्याला पकडू शकत नाही. शुगर असणाऱ्यांच्या डोळ्याचा पडदा आतून खराब होत असतो आणि बराच काळ दिसण्यात फरकच पडत नाही. शुगर असलेल्या ड्रायव्हरने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यावा. मात्र औषध घातल्यावर त्या दिवशी स्वतः गाडी चालवत घरी जायचं नाही, कुणाला तरी सोबत आणा. रंगांधळेपणाचं म्हणाल तर २०२० मध्ये केंद्राने नियम बदलले, आणि सौम्य ते मध्यम प्रकार असणाऱ्यांना आता लायसन मिळतं. अनेक घरांत ही बातमी पोहोचलेली नाही. पोराला रंग कळत नाहीत म्हणून त्याचं लायसनच काढायचं नाही असं ठरवून बसलेत. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन तो किती आहे ते तपासून घ्यावं.

गाड्यांच्या मालकांना हात जोडून विनंती आहे. चष्मा लावलेला ड्रायव्हर बघून गाडी काढून घेऊ नका. ज्याने नंबर काढून घेतलाय त्याला किती दिसतं ते तरी तुम्हाला माहीत आहे. बिनचष्म्याच्या किती जणांना किती दिसतं, ते तुम्ही कधी बघितलंय?

आणि सगळ्यांनी उद्या सकाळी एवढं करा. दारात उभ्या असलेल्या चारचाकीपासून तेहतीस-चौतीस मोठी पावलं लांब जा, ते साधारण २५ मीटर होतात. डावा डोळा हाताने झाका, प्लेट वाचा. मग उजवा झाका, पुन्हा वाचा. वाचताना डोळे बारीक करायचे नाहीत, तशाने नंबर लपतो. आपल्या गाडीचा नंबर पाठ असतो, म्हणून शेजाऱ्याची गाडी घ्या. एका डोळ्याने जरी अडखळलात तरी तपासायला जा. घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे करायला लावा, वडिलांना तर आधी. जवळचा चष्मा नाकावर ठेवून गाडी चालवणारे असतील तर त्यांना थांबवा, त्या काचेतून लांबचं उलट धूसर दिसतं. दोन्ही नंबर असतील तर बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा, करून घ्या. गाडीच्या कप्प्यात जुना चष्मा जास्तीचा म्हणून ठेवता, तो कितीच्या नंबरचा आहे तेही एकदा बघून घ्या. जुन्या नंबरचा असेल तर त्याच फ्रेममध्ये नव्या नंबरच्या काचा बसवून मिळतात.