कोण मेला गे?

यंदाच्या चवथीचा एक फोटो घरच्या ग्रुपवर आला. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली सगळे दाटीवाटीने उभे, नव्या साड्या, नवे कुडते, आणि एका कडेला माझी भाची. काळा कुडता, काळी ओढणी, ओठांवर काळी लिपस्टिक. वय १९. फोटो काढताना धाकटे काका तिला म्हणाले, "कोण मेला गे?" सगळे हसले. ती आरती संपायच्या आत उठून माडीवर गेली, हे मला दुसऱ्या दिवशी तिनेच फोनवर सांगितलं.

तेव्हापासून आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात हाच विषय चालू आहे. देवाच्या दिवशी काळं कसं घातलं, ही सैतानाची पूजा आहे का, हे सगळं बाहेरच्या देशांतून आलेलं खूळ. दादाचा सूर मात्र वेगळा होता. त्याने अशी काळं घालणाऱ्या मुलांवरच्या एका संशोधनाची बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, "तू तिथे राहतेस. मला खरं सांग, पोरगी बरी आहे ना?"

मी १४ वर्षं इंग्लंडातल्या लीड्समध्ये राहते. भाचीसारखं काळं घालणारी, उदास आणि गूढ संगीत ऐकणारी माणसं म्हणजे गॉथ. या गॉथ मंडळींच्या दृष्टीने हे शहर म्हणजे माहेरच. पंक संगीताचा भर ओसरत असताना, सत्तरीच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडात हे संगीत सुरू झालं. बाउहाउस या बँडचं पहिलं गाणं १९७९चं. सिस्टर्स ऑफ मर्सी हा बँड १९८० साली इथे लीड्सलाच जमला. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब निघाला आणि त्या कपड्यांना, त्या चेहऱ्यांना एकत्र यायला एक खोली मिळाली.

माझ्या कामावर माझ्या शेजारच्या टेबलाशी एक बाई बसतात, वय ५२. गेली ३६ वर्षं त्यांनी काळ्याशिवाय रंग घातलेला नाही. मी त्यांना कारण विचारलं तेव्हा त्या वडिलांबद्दल बोलू लागल्या. त्या १६ वर्षांच्या असताना वडील गेले. महिन्याभरात सगळे म्हणू लागले की आता पुरे, हस जरा. कुणीच हसायला सांगत नव्हतं अशी एकच जागा त्यांना सापडली, ती म्हणजे हे संगीत आणि ते ऐकणारी माणसं. तिथेच त्यांना नवरा भेटला. सावरायला दुसऱ्या कुणाची घाई नसणं म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडून कळलं.

त्याच मला व्हिट्बीला घेऊन गेल्या. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं हे मासेमारीचं गाव. ड्रॅक्युला कादंबरीतलं जहाज इथेच किनाऱ्याला लागतं, म्हणून १९९४ पासून गॉथ मंडळी इथे जमतात. निघण्याआधी त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं आणि डोळ्यांत काळी रेघ ओढली. डावा हात माझ्या हनुवटीखाली, श्वास रोखलेला. लहानपणी आई काजळ घालायची तेव्हा असाच हात लावायची. गावात चर्चकडे १९९ पायऱ्या चढून जाताना माझ्या पुढे काळ्या लेसमधल्या एक सत्तरीच्या आजी काठी टेकत चालल्या होत्या, आणि मागून येणारी मोहॉक केसांची पोरं एका शब्दाची घाई न करता त्यांच्यामागून हळूहळू चढत होती.

व्हिट्बीत जेट नावाचा काळा दगड मिळतो. १८६१ साली प्रिन्स अल्बर्ट गेला, राणी व्हिक्टोरियाने शोकात काळं घातलं, आणि या दगडाच्या दागिन्यांना देशभर मागणी आली. दुःख उघड अंगावर बाळगायची ती रीत होती. आमच्या शेजारच्या किरिस्तांव घरातली म्हातारी नवरा गेल्यापासून मरेपर्यंत काळ्या झग्यात वावरली. तिला कुणी कधी काही विचारलं नाही. माझ्या आजीने ४० वर्षं कुंकू लावलं नाही, हळदीकुंकवाच्या दिवशी ती मागच्या पडवीत बसायची. तेही घराने निमूट चालवून घेतलं, कारण ते आजीवर लादलेलं होतं. भाचीने काळं स्वतः निवडलं. मला वाटतं, खरी बोच तीच आहे.

अंधाराची भीती आपल्याला कधीच नव्हती. आमोण्याचा वेताळ आपलाच देव. वेताळ रात्रभर गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून आपण त्याला नव्या वहाणा वाहतो. देवचाराला आपण भितो आणि राखणदारही म्हणतो. दिवाळीला नरकासुराचा राक्षसी पुतळा गल्लीत दहा-पंधरा दिवस खपून उभा राहतो. त्याचं उदात्तीकरण होतंय अशी ओरड दर दिवाळीला होते, तरी वर्गणी सगळे देतात, काकाही देतात. पोरांनी जमावाने, वर्षातून एका रात्री केलेला अंधार आपल्याला चालतो. एका पोरीने एकटीने रोज केलेला का चालू नये?

आता दादाच्या बातमीबद्दल. ब्रिस्टलच्या मुलांवरचा तो अभ्यास २०१५ सालचा आहे. १५व्या वर्षी स्वतःला पुरेपूर गॉथ मानणारी मुलं १८व्या वर्षी नैराश्यात असण्याची शक्यता तिपटीने जास्त, असं त्यात दिसलं. दादा, हे खोटं नाही आणि तुझी काळजीही खोटी नाही. पण गॉथ झाल्यामुळे नैराश्य येतं असं त्या संशोधकांनी म्हटलेलं नाही. आधीच एकटी पडलेली मुलं या घोळक्यात आसरा शोधत असतील, आणि मला तरी तेच खरं वाटतं. तसं असेल तर आसरा काढून घेतल्यावर मूल कुठे जाईल, याचा विचार आपण करायला हवा. ती जेवते का, झोपते का, रात्री कुणाशी बोलते, याकडे लक्ष दे. लिपस्टिककडे नको.

इथे सगळं छान आहे असंही नाही. २००७च्या ऑगस्टमध्ये लँकेशरमधल्या बेकप गावी सोफी लँकेस्टर या २० वर्षांच्या मुलीला पोरांच्या टोळक्याने बागेत लाथांनी तुडवून मारलं. तिचा गुन्हा तिचे कपडे. मित्राला वाचवायला ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या आईने आयुष्य याच कामाला वाहिलं, आणि २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा हल्ल्यांची द्वेषगुन्हे म्हणून नोंद सुरू केली. व्हिट्बीत सोफीच्या नावाचं बाक आहे. तिथे बसले तेव्हा मला फोंड्याचा बसस्टँड आठवला आणि काळ्या कुडत्यात बसची वाट पाहणारी भाची. तिला तिथे मागून ऐकू येणारं हसू मला काकांच्या हसण्यापासून फार लांबचं वाटत नाही.

येत्या संक्रांतीला मी फोंड्याला येतेय. आईची काळी चंद्रकळा माझ्या कपाटात आहे, ती नेसणार आहे. व्हिट्बीतून जेटचं एक छोटं पदक घेतलंय, ते भाचीचं. तिने मला एक गाणं पाठवलं होतं, "आते, हे रात्री हेडफोन लावून ऐक." मी ऐकलं. तेच आता दादालाही पाठवलंय.