पानांच्या अर्काने अल्सर "मुळापासून" बरा? जरा थांबा

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेलच: "पानांच्या अर्काने पोटाचा अल्सर मुळापासून बरा होतो, उंदरांवर सिद्ध झालंय, नैसर्गिक आहे म्हणून साइड इफेक्ट शून्य, गोळ्या बंद करा." यातला उंदरांवाला भाग अर्धा खरा आहे आणि तिथेच लोक फसतात.

कडुनिंब, पेरू, शेवगा, अशा कितीतरी पानांवर संशोधनाचे पेपर आहेत, मान्य. पण प्रयोग कसा करतात ते बघा ना. बहुतेक वेळा उपाशी उंदराला आधी अर्क पाजतात, मग तासाभराने जवळजवळ शुद्ध अल्कोहोल नाहीतर इंडोमेथासिनसारखं पेनकिलर देतात, आणि काही तासांत जठर उघडून ओरखडे मोजतात. म्हणजे अर्क आधी, जखम नंतर. यात मोजलं ते संरक्षण, महिनोन्महिने मुरलेला अल्सर भरून येणं नाही. आणि उंदराचं जठर अल्कोहोलपासून वाचवणं तसं फार अवघड नाहीये, 1983 मध्ये आंद्रे रॉबर्ट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आधी पातळ अल्कोहोल, पातळ ॲसिड, अगदी गरम पाणी दिलं तरी नंतरची मोठी इजा टळते, कारण हलक्या त्रासाने जठर स्वतःच प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे आतल्या अस्तराला जपणारी द्रव्यं, वाढवतं. म्हणून काय अल्सरवर दारू सुचवायची?

डोसचं तर कोणी बोलतच नाही. समजा उंदराला किलोमागे 400 मिलिग्रॅम अर्क दिला. माणसासाठी नेहमीच्या हिशेबाने त्याला 6.2 ने भागायचं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज जवळपास 3.9 ग्रॅम, आणि तोही सॉल्व्हंटमध्ये (विरघळवणाऱ्या द्रवात) काढून सुकवलेला अर्क. शंभर ग्रॅम वाळल्या पानांतून दहा ग्रॅम अर्क निघतो असं धरलं तरी रोज 39 ग्रॅम वाळलेली पानं लागतील. मिक्सरमधल्या ग्लासभर हिरव्या पाण्याशी याचा काय संबंध?

आता "मुळापासून". मूळ बहुतेकदा दोनच, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा पेनकिलर. बॅरी मार्शल हे डॉक्टर 1984 मध्ये तो जंतू स्वतः प्यायले, त्यांना गॅस्ट्रायटिस, म्हणजे जठराच्या अस्तराचा दाह झाला, आणि 2005 चं नोबेल त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासोबत मिळालं. अर्क लॅबमधल्या काचेच्या ताटलीत जंतू मारतो म्हणे. ताटलीत तर ब्लीचही मारतं! पोटात हा जंतू चिकट थराखाली लपून बसतो, म्हणून तर ॲसिड कमी करणारी गोळी आणि सोबत किमान दोन अँटिबायोटिक, असा बहुधा 14 दिवसांचा कोर्स लागतो.

साइड इफेक्ट शून्य वगैरे सोडाच. ज्येष्ठमधापासून बनवलेलं कार्बेनॉक्सोलोन हे औषध एकेकाळी अल्सरवर खरंच वापरात होतं, गुणही यायचा, पण बीपी वाढायचं, पाणी साठायचं, पोटॅशियम घसरायचं.

राहिलं "गोळ्या बंद करा", आणि हे वाचून मात्र डोकं फिरतं, कारण पेनकिलरने झालेला अल्सर कित्येकदा दुखतच नाही, थेट रक्तस्राव होतो, त्यामुळे रस घेऊन "बरं वाटतंय" याला काही अर्थ नसतो. शी डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं तर रस बाजूला ठेवून लगेच हॉस्पिटल गाठा.