फॅक्टर निगेटिव्ह म्हणजे संधिवात नाही? अहो, आधी सांधा तर बघा

माझी आतेबहीण एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. काल तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि विचारलं, "दादा, रुमॅटॉलॉजी, म्हणजे संधिवाताच्या आजारांचा विषय, खरंच सोडली तर चालेल?" फॉरवर्डमध्ये लिहिलंय की सांधे तपासायला शिकण्यात वेळ घालवू नका, आरए फॅक्टर ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली की संधिवात, निगेटिव्ह आली की नाही, तसाही हा म्हाताऱ्यांचा आजार, त्यावर औषध नाही आणि परीक्षेत येत नाही. तिच्या अख्ख्या बॅचमध्ये फिरतंय म्हणे.

फॅक्टरचं आधी बोलतो, कारण यानेच माणसं अधू होतात. संधिवात ओळखायचे २०१० चे एसीआर-युलारचे (अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या रुमॅटॉलॉजी संस्थांचे) निकष उघडून बघा. १० पैकी ६ गुण झाले की रुमॅटॉइड संधिवात, म्हणजे आरए, धरायचा. त्यात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (तशीच दुसरी रक्तचाचणी) दोन्ही मिळून जास्तीत जास्त ३, आणि सांध्यांना ५. म्हणजे फॅक्टर कितीही पॉझिटिव्ह असो, एकट्याच्या जोरावर ६ होतच नाहीत, आणि निगेटिव्ह असूनही लहान सांधे धरून दहाच्या वर सांधे दुखतायत, सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) वाढलंय, सहा आठवडे उलटलेत, तर ७ होतात. शिवाय गुण मोजायच्या आधीची अटच ही की निदान एका सांध्याला सूज आहे हे डॉक्टरने तपासून पाहिलेलं हवं. ती काय लॅबवाला बघणार?

आमच्या मामीचं हेच झालं. सकाळी तास-दीड तास बोटं वळायची नाहीत, कणीक मळता येईना, बांगड्या चढेनात, आणि पाच महिने एकच उत्तर, फॅक्टर निगेटिव्ह आहे, वय झालंय. कोणीही तिचा हात हातात घेऊन पाहिला नाही. उलट हिपॅटायटिस सी, टीबी, अगदी धडधाकट म्हाताऱ्या माणसातही फॅक्टर पॉझिटिव्ह येऊ शकतो.

म्हाताऱ्यांचा आजार म्हणे! संधिवात लहान मुलांनाही होतो, आणि ल्युपस, सांधे धरणारा असाच एक आजार, ऐन तरुण बायकांना गाठतो. औषध नाही हेही खोटं, मेथोट्रेक्सेट आहे की, फक्त ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, आणि हे नीट शिकवलं नाही तर रोज घेऊन पेशंट जिवाला मुकू शकतो.

परीक्षेचं अर्धं खरं आहे, मान्य. पुष्कळ कॉलेजांत वेगळा विभागच नाही. पण २०१९ च्या अभ्यासक्रमात मेडिसिनमध्ये याचा स्वतंत्र भाग आहे आणि सगळे सांधे तपासणं त्यात लिहिलंय.

तिला म्हटलं, सोमवारी ओपीडीत गाल्स (चाल, हात, पाय, पाठ यांची झटपट तपासणी) करून बघ, १९९२ पासून आहे, दोन-तीन मिनिटांत होतं. आधी विचार, सांधे, स्नायू, पाठ दुखते का, आखडते का? कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात? जिना चढता-उतरता येतो? मग चालायला लाव, हात, पाय, पाठ बघ. शेवटी बोटांच्या मुळांशी हात आडवा धरून हलकेच दाब, आणि दाबताना पेशंटच्या चेहऱ्याकडे बघ.