श्वास 20

गेल्या आठवड्यात नाईट संपता संपता एक फॉर्म हातात आला. 'आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत परिचारिकांचे ज्ञान व दृष्टिकोन.' 1 ते 5 मध्ये खूण करायची. एआयबद्दल किती माहिती आहे? एआयवर विश्वास आहे का? एआयमुळे नोकरी जाईल अशी भीती वाटते का? औषधांच्या ट्रॉलीवर कागद टेकवून मी सरसकट 3 वर खुणा करत सुटले. पहाटे साडेसहाला माझा कुठल्याही गोष्टीबद्दलचा दृष्टिकोन 3च असतो.

झोपायला गेले आणि तो 'विश्वास' डोक्यात घोळत राहिला. थर्मामीटरवर तुमचा विश्वास आहे का, असं आजवर मला कुणी विचारलेलं नाही. कुठला थर्मामीटर, काखेत लावला की तोंडात, हे मात्र विचारतात. मग इथेच एकदम श्रद्धेची गोष्ट कशी काय झाली?

उदाहरण देते. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत एपिक या रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं सेप्सिस (संसर्गातून अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी अवस्था) ओळखणारं एआय मॉडेल चालत होतं. 2021 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी ते आपल्या रुग्णांवर तपासून पाहिलं. सेप्सिस झालेल्या दर 100 पैकी 67 रुग्ण त्याला सापडलेच नव्हते. आणि तरी भरती झालेल्या दर 100 पैकी 18 जणांसाठी त्याने घंटा वाजवली होती. घंटा वाजलेल्या साधारण आठांपैकी एकालाच खरा सेप्सिस. आता याच्या पुढच्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या पाच रुग्णालयांतला अभ्यास आला, वेगळ्या प्रणालीचा. तिने इशारा दिल्यावर तीन तासांच्या आत कुणीतरी तो पाहून खरा ठरवला, अशा सेप्सिसच्या रुग्णांत मृत्यू इतरांपेक्षा साधारण 19 टक्क्यांनी कमी आढळले. दोन्ही एआयच. सांगा, 'एआयवर विश्वास आहे का' याला मी कितीवर खूण करू?

त्या दुसऱ्या अभ्यासातलं 'कुणीतरी पाहून' मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इशारा स्क्रीनवर येतो, खाटेपर्यंत चालत माणूसच जातो.

आता जरा आपल्याच घरातलं बोलते. सिनियर मंडळी रागावतील, रागावू देत.

चार्टवर श्वासाचा रकाना असतो. त्यात आपण काय लिहितो? 20. या खाटेला 20, त्या खाटेला 20, मधेच चव बदलायला 18. नाडी आणि ऑक्सिजन मॉनिटर देतो, बीपी मशीन देतं, पण श्वास मोजायला घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत उभं राहावं लागतं. एका सिस्टरकडे तीस रुग्ण असतील तर श्वासाचीच तीस मिनिटं गेली. म्हणून 20. मीही लिहिलंय, खूपदा. वर ड्युटी संपताना सगळे आकडे एका बैठकीत भरलेत, ते निराळंच.

खरं तर रुग्ण बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलतो तो श्वासच. ब्रिटनमधल्या न्यूज-2 या इशारा-गुणपद्धतीत गुण जितके जास्त तितका धोका जास्त; मिनिटाला 12 ते 20 श्वासांना शून्य गुण, 21 ते 24 ला दोन, 25 पासून पुढे थेट तीन. म्हणजे आपला लाडका 20 म्हणजे शून्य! अशा चार्टांवर उद्या एखादं मॉडेल शिकवलं, तर ते काय शिकेल? की मरणाच्या दारातला माणूससुद्धा मिनिटाला 20 श्वास घेतो.

म्हणून ज्ञान म्हणजे 'मशीन लर्निंगची व्याख्या लिहा' हे मला पटत नाही. या यंत्राचा कच्चा माल आपण भरतो, ही पहिली समज. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणींना एआय म्हटलं की रोबोट दिसतो. रोज ज्या रंगीत आकड्याकडे बघून आपण कुठल्या खाटेकडे आधी जायचं ते ठरवू, तो आकडा एआयचा असू शकतो हे डोक्यात येत नाही. उलट नव्या मुली. परवा एकीला म्हटलं, पाच नंबरकडे जाऊन ये. तर म्हणते, "सिस्टर, स्क्रीनवर तर हिरवा दाखवतोय." बिचारीचा काय दोष, तिला रंग बघायला शिकवलंय. आमचा अविश्वास आणि तिचा विश्वास, दोन्ही सारखेच अडाणी.

या सगळ्यात एक काम मात्र वाचून मला खरंच बरं वाटलं. कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींनी 'कन्सर्न' नावाची प्रणाली बनवली. ती आकड्यांपेक्षा वेगळीच गोष्ट बघते: सिस्टर किती वेळा नोंद करतेय, अवेळी करतेय का, ठरलेल्या वेळांच्या मधे परत परत जाऊन बीपी घेतेय का. म्हणजे तिला काळजी वाटतेय का! डॉक्टरला फोनवर 'सर, आकडे ठीक आहेत पण पेशंट ठीक वाटत नाही' असं सांगून आपण किती बोलणी खाल्लीत. तीच गोष्ट त्यांनी माहिती म्हणून धरली. 60 हजारांवर रुग्णांची वर्षभराची चाचणी 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. ही प्रणाली असलेल्या वॉर्डांत मृत्यूचा धोका 35 टक्क्यांहून अधिक घटल्याचं आढळलं.

पण यातही मेख आहेच. तीस रुग्णांमागे एक सिस्टर असेल तर काळजी वाटली तरी परत जायला पाय कुठून आणायचे? ती गेली नाही, नोंद झाली नाही, म्हणजे यंत्राच्या लेखी सगळं आलबेल. आणि यंत्राने चार्टिंगचा वेळ वाचवला, तर तो खाटेपाशी जाईल की आणखी चार रुग्ण अंगावर पडतील? नोकरी जाण्याची भीती विचारणाऱ्या त्या फॉर्मात हा प्रश्न नव्हता. तसंच, स्क्रीन हिरवी असताना रुग्ण गेला तर चौकशी कुणाची, तेही नव्हतं.

फॉर्म अजून माझ्याच पर्समध्ये होता, जमा करायचा राहिलेला. दुसऱ्या रात्री खालच्या 'इतर सूचना'च्या दोन ओळींत लिहिलं: "आठांतल्या सात घंटा खोट्या निघणार असतील, तर त्या सात फेऱ्या मारायला माणूस कोण देणार ते आधी कळवावं." मग घड्याळ घेऊन पाच नंबरपाशी उभी राहिले. 24.